कोवळा खांदा आणि पिचिंगचे नियम

गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी कोणी नांगराला जुंपत नाही. आधी जुवाची सवय, मग हलके औत, आणि मान तयार झाली की नांगर. आपली मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर होणार असेल, तर हीच समजूत तिच्या खांद्याबाबतही ठेवावी.

सॉफ्टबॉल आपल्याकडे शालेय स्पर्धांत खेळला जातो. पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू. हा चेंडू खालून, कमरेजवळून हात आणून टाकायचा असतो. खेळ मूळचा अमेरिकेतला, १८८७ साली शिकागो शहरात सुरू झालेला. तिथल्या लिटल लीग या मुलांच्या संस्थेने १९७४ साली मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केला. तिचे नियम पायरीपायरीने चढत जातात.

अगदी लहान मुले उभ्या दांडीवर ठेवलेला चेंडू मारतात. पुढच्या पायरीवर चेंडू प्रशिक्षक टाकतो. लहान हाताने चेंडू नेमका पडत नाही. मग फलंदाज नुसती उभी राहते आणि बाकीच्या मुली कंटाळतात. त्यानंतर मुली स्वतः पिचिंग करतात. धाकट्या गटात अंतर ३५ फूट, बारा वर्षांपर्यंतच्या गटात ४० फूट आणि त्यापुढे ४३ फूट. धाकट्यांना १२ इंची चेंडूऐवजी ११ इंची चेंडू चालतो, कारण तो मुठीत नीट बसतो.

टाकण्याची रीतही ठरलेली आहे. पाय पट्टीला टेकलेला हवा. दोन्ही हात एकत्र आणून क्षणभर स्थिर थांबावे. मग हात फिरवून पुढे एकच पाऊल टाकावे. मध्ये उडी घेऊन पुन्हा नवा रेटा घेता येत नाही.

लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलीला एका दिवसात जास्तीत जास्त १२ डावांत पिचिंग करता येते. सात किंवा अधिक डाव झाले, तर दुसरा दिवस सक्तीची विश्रांती.

"खालून टाकल्याने खांद्याला काही होत नाही," असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. हात पूर्ण गोल फिरवून वेगाने चेंडू टाकताना खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडाच्या शिरेवर मोठा ताण येतो, असे वैद्यकीय अभ्यासांत आढळले आहे.

म्हणून पालकांनी गुरुजींना तीन गोष्टी विचाराव्यात. अंतर टेपने मोजले आहे का? संघात दोन-तीन पिचर तयार केल्या आहेत का? मुलीने आज किती चेंडू टाकले, याची नोंद आहे का? सरावाहून आल्यावर तिच्याच हाती पाण्याची कळशी देऊ नये; तो भारही त्याच खांद्यावर पडतो. "दुखतंय" म्हणाली तर "सहन कर" म्हणू नका. पिचिंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एखादा सामना हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा खेळता येतो. खांदा मात्र तिला जन्मभर वापरायचा आहे.