वसुलीची पत्रे आणि ऋणकोचे अधिकार : अमरावती-अकोला परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
घेतलेले कर्ज फेडणे हे ऋणकोचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु जी रक्कम मागितली जाते ती सर्वच देय असते, असे मात्र नव्हे. धनकोने सांगितलेला आकडा आणि कायद्याने देय ठरणारा आकडा यांत पुष्कळदा अंतर असते. हे अंतर ऋणकोच्या लक्षात येण्यापूर्वीच वसुलीचे पत्र त्याच्या घरी पोहोचते आणि त्यातील कठोर भाषेने तो भांबावून जातो. काही जण भीतीपोटी अवाजवी रक्कम भरतात, तर काही जण पत्र फाडून टाकतात. या दोन्ही मार्गांनी नुकसानच होते. वऱ्हाडातील ऋणव्यवहाराची पार्श्वभूमी, वसुलीपत्रांचे प्रकार आणि मागणीस विहित मार्गाने हरकत घेण्याची पद्धती यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्राध्यापकवर्ग स्वतः ऋणको नसला तरी सहकाऱ्याचा जामीनदार म्हणून या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. नगदी पिकाबरोबर नगदी कर्जही आले आणि भाव कोसळताच जमिनी सावकाराकडे जाऊ लागल्या. दख्खनमध्ये १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व दस्तऐवज जाळले आणि त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. मध्य प्रांतात ऋण-तडजोडीचा कायदा होण्यास १९३३ साल उजाडावे लागले. या प्रयत्नांशी अमरावती जिल्ह्यातील पापळचे सुपुत्र व प्रांताचे तत्कालीन मंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव निगडित आहे. धनकोचा हिशेब अंतिम नसून तो तपासला जाऊ शकतो, हे तत्त्व या कायद्यांच्या मुळाशी होते.

हे तत्त्व कागदावर असूनही व्यवहारात ते किती दुर्बल ठरू शकते, याचे उदाहरण याच भूमीतील आहे. बुलडाणा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने अवाच्या सवा व्याजाबद्दल एका लोकप्रतिनिधीच्या सावकारी करणाऱ्या कुटुंबाविरुद्ध तक्रार केली. परंतु तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाने त्या तक्रारीच्या कार्यवाहीत हस्तक्षेप केला. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजीच्या निकालात या हस्तक्षेपावर कठोर ताशेरे ओढले आणि राज्य शासनावर १० लाख रुपयांचा खर्च बसविला. पुढे २०१४ साली महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम अस्तित्वात आला.

वसुलीपत्रांचे प्रकार :
पत्र हाती पडताच ते कोणी व कोणत्या अधिकाराने पाठविले आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. खाजगी पक्षाला, मग तो वित्त कंपनी असो, वसुली संस्था असो वा वाहनतळाचा ठेकेदार असो, ‘दंड’ करण्याचा सार्वभौम अधिकार नसतो. तो केवळ कराराच्या आधारे रकमेची मागणी करू शकतो. करारात भरमसाट दंडरक्कम लिहिलेली असली तरी भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच मंजूर करते. या दृष्टीने पत्रांचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येईल.

१) वसुली संस्थेचे वा वकिलाचे मागणीपत्र : हा न्यायालयाचा आदेश नव्हे. ‘जप्ती’, ‘अटक’ असे शब्द त्यात असले तरी केवळ अशा पत्राने जप्ती होत नाही.

२) धनादेश न वटल्याची नोटीस : परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ अन्वये आलेली ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास फौजदारी तक्रार दाखल होऊ शकते. तारण म्हणून कोरे धनादेश देणाऱ्यांना याचाच फटका बसतो. तिचे उत्तर मुदतीतच दिले पाहिजे.

३) लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस : ही तडजोडीसाठी दिलेली निमंत्रणवजा सूचना असते. तडजोड संमतीनेच होते. मात्र एकदा स्वाक्षरी झाली की निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. त्यामुळे आकडा तपासल्याशिवाय स्वाक्षरी करू नये.

४) तारणमालमत्तेबाबत बँकेची नोटीस : सरफेसी अधिनियम, २००२ च्या कलम १३(२) नुसार ६० दिवसांची मुदत मिळते. या काळात लेखी हरकत घेतल्यास बँकेला १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. पुढे ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. विदर्भासाठी हे न्यायाधिकरण नागपूर येथे आहे. शेतजमिनीवरील तारण हक्काला हा कायदा लागू होत नाही.

५) न्यायालयाचे समन्स व निबंधकाची नोटीस : या ठिकाणी गैरहजर राहणे सर्वांत घातक ठरते. एकतर्फी आदेश झाल्यावर खरी हरकतसुद्धा ऐकविणे कठीण जाते.

मागणीस हरकत घेण्याची पद्धती :
हरकत लेखीच असावी. कर्ज करारनाम्याची प्रत, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, व्याज व दंडव्याजाची आकारणी आणि वसुली संस्थेचे अधिकारपत्र यांची मागणी प्रथम करावी. जी रक्कम मान्य नाही ती कोणत्या कारणाने मान्य नाही, हे बाबवार लिहावे. भरणा केलेल्या पावत्यांच्या छायाप्रती जोडाव्यात, मूळ पावत्या देऊ नयेत. पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवावी. दूरध्वनीवरील संभाषणाचीही तारीख, वेळ व सारांश यांची नोंद करावी.

उत्तराची शब्दयोजना ही येथील कळीची बाब होय. मुदत अधिनियम, १९६३ नुसार विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांत दाखल करावा लागतो. मात्र मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने स्वाक्षरीनिशी कर्ज मान्य केल्यास कलम १८ नुसार मुदत नव्याने सुरू होते. व्याजापोटी वा अंशतः भरणा केल्यासही कलम १९ नुसार तोच परिणाम होऊ शकतो. मुदत संपल्यानंतरही फेडीचे लेखी वचन दिल्यास संविदा अधिनियमाच्या कलम २५(३) मुळे ते बंधनकारक ठरते. म्हणून ‘थोडी सवड द्या, सर्व रक्कम भरतो’ असे भाबडेपणाने लिहून देणे जोखमीचे असते. रक्कम विवाद्य असल्यास ‘ही मागणी मान्य नाही, हिशेब मिळाल्यावर उत्तर देण्याचा हक्क राखून ठेवला आहे’ असे स्पष्ट लिहावे. याचा अर्थ खरे देणे बुडवावे असा नव्हे. जेवढी रक्कम निर्विवाद आहे तेवढी कोणत्या खात्यापोटी भरली याची नोंद करून भरणे, हे प्रामाणिक तसेच हिताचे आहे.

वसुली प्रतिनिधींचे वर्तन :
रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाद्वारे सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करण्यास, धमकी देण्यास आणि ऋणकोची चारचौघांत अप्रतिष्ठा करण्यास मनाई केली. कुटुंबीय, मित्र वा संदर्भासाठी नाव दिलेल्या व्यक्ती यांच्या खाजगी जीवनात ढवळाढवळ करणेही त्यात निषिद्ध ठरविले. महाविद्यालयाच्या कार्यालयात येऊन सर्वांसमक्ष थकबाकी पुकारणे हा या मर्यादेचा भंग होय. अशा प्रसंगी प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. सदोष सेवेबाबत अमरावती व अकोला येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही खुला आहे. प्रत्यक्ष धमकी दिली गेल्यास पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविता येते.

पतसंस्था आणि जामीनदार :
पगारदार नोकरांच्या पतसंस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. स्नेहापोटी हमीपत्रावर केलेल्या स्वाक्षरीचे परिणाम या ठिकाणी प्रकर्षाने जाणवतात. संविदा अधिनियमाच्या कलम १२८ नुसार जामीनदाराचे दायित्व, करारात अन्यथा नमूद नसल्यास, ऋणकोइतकेच असते. त्यामुळे ‘आधी त्याच्याकडून वसूल करा’ हे म्हणणे सहसा टिकत नाही. संस्थेने कलम १०१ अन्वये निबंधकाकडे अर्ज केल्यावर सुनावणीची नोटीस निघते. हरकत घेण्याची खरी वेळ तीच होय. वसुली दाखला निर्गमित झाल्यानंतर कलम १५४ अन्वये पुनरीक्षण अर्ज करावयाचा तर दाखल्यातील रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. जामीनदाराच्या संमतीविना कर्जाच्या अटी बदलल्या असल्यास, त्यानंतरच्या व्यवहारांपुरते दायित्व कलम १३३ नुसार संपते. हा मुद्दा सुनावणीतच मांडला पाहिजे. जामीनदाराने रक्कम भरल्यास ती ऋणकोकडून वसूल करण्याचा हक्क त्याला राहतोच.

सावकारी कर्ज :
खेड्यापाड्यांतून मागणी पत्राने न होता निरोपाने होते आणि गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेतले जाते. २०१४ च्या अधिनियमानुसार परवान्याविना सावकारी करणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शेतकऱ्याच्या तारणी कर्जास वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जास १२ टक्के, तर इतरांच्या तारणी कर्जास १५ व विनातारण कर्जास १८ टक्के अशी कमाल व्याजमर्यादा शासनाने २०१४ साली अधिसूचित केली. सावकारीच्या ओघात बळकावलेल्या स्थावर मालमत्तेबाबत कलम १८ अन्वये जिल्हा निबंधकाकडे, म्हणजेच जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचाच होता असे चौकशीत आढळल्यास खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. मूळ रक्कम, व्याजापोटी दिलेले पैसे, साक्षीदार आणि जमिनीचा प्रत्यक्ष ताबा यांचा पुरावा येथे निर्णायक ठरतो. म्हणून सातबारा व फेरफाराच्या नकला वेळीच काढून ठेवाव्यात.

समारोप :
वसुलीपत्राचे उत्तर भीतीने अथवा बेफिकिरीने न देता कागदपत्रांच्या आधारे व मुदतीत देणे, हाच वरील विवेचनाचा निष्कर्ष होय. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि इतर पात्र घटकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. परंतु ज्यांना याची सर्वाधिक गरज असते त्यांनाच त्याची माहिती नसते. वऱ्हाडातील महाविद्यालयांत येणारे अनेक विद्यार्थी कर्जबाजारी शेतकरी कुटुंबांतील असून घरी आलेले पत्र वाचून दाखविण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच येते. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, वाणिज्य व समाजशास्त्राचे वर्ग यांतून समन्स आणि मागणीपत्र यांतील फरक जरी त्यांना समजावून दिला, तरी एखाद्या घरावरील अकारण दडपण दूर होऊ शकेल. किंबहुना, हे कार्य महाविद्यालयाच्या सामाजिक दायित्वाचाच भाग आहे.