ट्रकच्या पोटात (लेखांक ९) : पंपावरचा आळ

दिवाळी उलटली की भंडारा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रक दिसू लागतात. कुणी तुमसरच्या बाजाराकडे निघालेला असतो, कुणी राइस मिलकडे. याच दिवसांत हायवेकडेच्या गॅरेजांत एक वाक्य सारखं कानी पडतं : ‘पंप गेला.’ मागच्या आठवड्यात आपण एअर फिल्टर आणि टर्बो पाहिले, म्हणजे हवेची बाजू. आज डिझेलची.

लाखनीचा उड्डाणपूल चढताना एक दहाचाकी दम टाकून थांबला होता. थोडा वेळ उभा राहिला की सुरू व्हायचा, काही किलोमीटर गेला की पुन्हा बंद. ड्रायव्हरचं निदान तयारच होतं. ‘पंप गेला जी.’ म्हाताऱ्या मिस्त्रीनं बॉनेटकडे पाहिलंही नाही. ‘टाकीचं झाकन खोल,’ म्हणाला. झाकण फिरवताच फुस्स करून हवा आत गेली. गाडी आठवडाभरापूर्वीपर्यंत डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज वाहत होती आणि झाकणातलं श्वासाचं बारीक छिद्र त्या काळ्या धुळीनं बुजलं होतं. डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होई आणि शेवटी बिचारा पंप ओढून ओढून हरे. पंप उतरवून बेंचवर नेला असता तर दोन दिवस आणि हजारोंचा खर्च झाला असता. इथं खर्च झाली ती एक तार आणि फुंकर.

आधी ‘पंप’ म्हणजे कोणता ते पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. जुन्या गाड्यांत दोन असतात. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमधून पुढे ढकलतो तो फीड पंप. हा छोटा, मोठ्या पंपाच्या कुशीलाच बसवलेला, हातानं दाबायचा प्रायमर बहुधा त्याच्याच डोक्यावर. दुसरा मेन पंप : प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर, मापून डिझेल घेणार आणि नेमक्या क्षणी नोझलकडे झटक्यानं पाठवणार. रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं असे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येनं बनवायला घेतले. भारतात १९५१ साली मायको आली आणि तिचं नाव पंपाला असं चिकटलं, की २००८ मध्ये कंपनी ‘बॉश’ झाली तरी जुने मिस्त्री अजून ‘मायकोचा पंप’च म्हणतात. आपल्या गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे, गिअरबॉक्ससाठी तो ओळखला जातो. पण पंपाचं कॅलिब्रेशन करायचं तर इथल्या गाडीमालकाला अनेकदा नागपूरचाच रस्ता धरावा लागतो.

मेन पंपाचं काम किती नाजूक, याचा अंदाज एका मापावरून येईल. प्लंजर आणि त्याच्या बॅरलमधली फट अवघी दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो. इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल तर पंप ९०० घेतो, म्हणजे एकेक प्लंजर सेकंदाला पंधरा वेळा उडी मारतो. आणि त्याचं वंगण कोणतं? डिझेलच. त्यात पाणी आलं की गंज, रॉकेल मिसळलेलं असलं की कोरडी घासण. पंप मरतो तो अनेकदा याच दोन कारणांनी, आणि मरायच्या आधी बराच काळ कुरकुरतो.

तेव्हा निदान टाकीकडून सुरू करायचं आणि डिझेलच्याच वाटेनं पुढे जायचं. उलट दिशेनं गेलात तर आधी महागडा भाग उघडाल.

पहिला साक्षीदार धूर. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून काहीच धूर येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतंय, पेटत नाही; तिथे टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन पाहायचं. भाराखाली काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. फीड पंप थकल्यानं काळा धूर कधी होत नाही, हे लक्षात ठेवलं तरी अर्धी दिशाभूल टळते. रिकामी गाडी नीट पळते, धान भरल्यावर चढाला मरते आणि धूरही काळा नाही, तर संशय तुंबलेल्या फिल्टरवर किंवा फीड पंपावर. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी प्रायमर दाबल्याशिवाय लागत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय आणि डिझेल टाकीकडे मागे उतरतंय. नळीला चीर, ढिला नट, पुन्हा पुन्हा वापरून चपटा झालेला तांब्याचा वॉशर. अशा जागी बाहेर थेंबही दिसत नाही, कारण ही ओढीची बाजू. डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते.

याचा निकाल लावणारी एक जुनी युक्ती मला फार आवडते. पाच लिटरचा स्वच्छ डबा डिझेलनं भरायचा, सायलेन्सरपासून दूर, इंजिनपेक्षा उंच टांगायचा आणि पारदर्शक नळीनं थेट फीड पंपाच्या तोंडाशी जोडायचा. हवा काढून गाडी चालवून पाहायची. ठणठणीत चालली, तर मेन पंप निर्दोष. गुन्हेगार बहुधा टाकी, जाळी किंवा नळीत आहे. तरीही मरते आणि फिल्टर स्वच्छ आहे, तर मात्र फीड पंप खोला. त्याची स्प्रिंग, दोन छोटे वाल्व्ह, तळची जाळी पाहा. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं, आणि नवा फीड पंप बसवावा लागला तरी ते तासाभराचं काम.

मेन पंप खराब झाल्याची खूण वेगळी. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं आणि पातळ दिसतंय, त्याला डिझेलचा वास येतोय, तर पंपातून डिझेल ऑइलमध्ये झिरपत असू शकतं. ते वंगण धुऊन टाकतं आणि बेअरिंगच खातं, तेव्हा अशी गाडी पुढे दामटू नका. इंजिन गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला त्रास देतं आणि पंपावर थंड पाण्याचं ओलं फडकं टाकलं की लागतं, तर प्लंजर झिजले असं समजा. गरम डिझेल पातळ होऊन त्या वाढलेल्या फटीतून निसटतं.

पंप उतरवायचाच ठरला तर आधी तो बाहेरून धुऊन घ्या. बॅटरी सोडा. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून फ्लायव्हीलची खूण जुळवा, कपलिंगवरही खूण करा. पाइप सोडल्याबरोबर प्रत्येक तोंडाला टोपी किंवा स्वच्छ प्लास्टिक. चिंधी नको, तिचा धागा नोझल अडवतो. अॅक्सिलरेटरचा दांडा, स्टॉप केबल, ऑइलचा पाइप सोडून मग बोल्ट. पंप चांगला जड असतो, दोघांनी उचला. बसवताना त्याच खुणा, वॉशर मात्र नवे. खुणेत थोडी चूक झाली तरी इंजिन ठोकतं नाहीतर पांढरा धूर ओकतं. मग हवा काढायची : आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलकडचे नट ढिले करून स्टार्टर. बुडबुडे थांबले की आवळा.

बेंचवर पंप दिला की मालक हमखास सांगतात, ‘थोडा खोलून द्या, पिकअप पाहिजे.’ डिझेलला आवर घालणाऱ्या गव्हर्नरचं शिशाचं सील त्याचसाठी तुटतं. काळा धूर, तापलेलं इंजिन आणि जळालेलं डिझेल, एवढंच त्यातून मिळतं. माझं मत विचाराल तर हा शुद्ध मूर्खपणा आहे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांना वरचं बरंच काही लागू नाही. तिथे कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी एकच दाबाची नळी; तिच्यातला दाब हजार बारच्याही पुष्कळ वर जातो. चालू इंजिनवर पाइपचा नट ढिला करण्याची जुनी सवय इथे बोट घालवील : ती धार कातडी फोडून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि तरीही तडक दवाखाना गाठावाच लागतो. या गाड्यांत स्कॅनर लावून मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांतला फरक वाचायचा. फिल्टर कापल्यावर त्यात चकाकणारी लोखंडाची पूड दिसली, तर पंप स्वतःलाच खातोय. तेव्हा नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, पाइप, टाकी, इंजेक्टर सगळं तपासावं लागतं, नाहीतर तीच पूड नव्या पंपाचाही घास घेते.

पुढच्या आठवड्यात नोझल. तोवर वॉटर सेपरेटरमधलं पाणी रोज सकाळी सोडा, थंडीत टाकी रात्री भरूनच गाडी उभी करा, आणि झाकणाचं ते छिद्र एकदा तारेनं मोकळं करून घ्या.