तोंडपाठ गाण्यांची शाळा

जे गाणे लहानपणापासून तोंडपाठ आहे, त्याच गाण्याचा पाठ घेण्यासाठी साठी उलटलेल्या गृहस्थाने वही-पेन्सिल घेऊन वर्गात जाऊन बसावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी थोडीशी हास्यास्पदच वाटते. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे वर्ग अनेक नगरांतून भरतात, आणि त्यांना विद्यार्थ्यांची वाण पडत नाही. विषय असतो अमेरिकेच्या लोकप्रिय संगीताचा इतिहास. बाकांवर बसणारे असतात सेवानिवृत्त शिक्षक, परिचारिका, कारकून, दुकानदार, आजोबा आणि आजीबाई. परीक्षा नाही, पदवी नाही, पगारवाढीची आशा तर नाहीच नाही. मग ही मंडळी तेथे कशासाठी जातात? याचे थोडक्यात उत्तर असे की, गाणे येणे ही एक गोष्ट आणि ते गाणे कोणाचे हे ठाऊक असणे ही अगदी दुसरी गोष्ट होय. या दोहोंमध्ये किती अंतर आहे, हे दाखविण्याचे काम हे वर्ग करतात.

प्रौढांनी शिकावे ही कल्पना त्या देशात जुनी आहे. १८२६ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानातील मिलबरी या गावी जोसाया हॉलब्रुक याने 'लायसियम' नावाची व्याख्यानसंस्था काढली, आणि पुढे तिच्या शाखा गावोगाव पसरल्या. १८७४ साली न्यूयॉर्क संस्थानातील शटाक्वा सरोवराच्या काठी रविवारच्या धर्मशाळांतील शिक्षकांसाठी एक शिबिर भरले, व त्यातून उन्हाळी ज्ञानसत्रांची एक मोठी परंपराच निर्माण झाली. १९१९ साली न्यूयॉर्क शहरात 'न्यू स्कूल' ही मुख्यतः प्रौढांसाठीच असलेली संस्था निघाली. या सर्व ठिकाणी संगीताला स्थान होते. परंतु संगीत म्हणून अभ्यास व्हावयाचा तो बहुधा युरोपातील अभिजात संगीताचा. रस्त्यावरचे, नाचघरातले आणि तबकडीवरचे जे गाणे लोक रात्रंदिवस ऐकत, ते करमणुकीचे साधन मानले जाई. त्याला इतिहास असू शकेल, ही शंकाही फारशी कोणाला येत नसे.

ती शंका प्रथम आली ती परक्यांना, हा एक मनोरंजक योग होय. १९४२ साली न्यू स्कूलमध्ये जॅझ संगीताच्या इतिहासावर जो वर्ग चालला, तो या विषयावरील अगदी आरंभीच्या वर्गांपैकी एक होता. तो चालविणारे दोघेही जन्माने अमेरिकन नव्हते. रॉबर्ट गॉफँ हा बेल्जियममधील वकील, नाझी आक्रमणामुळे देश सोडून आलेला. आणि लेनर्ड फेदर हा लंडनचा. घरच्या माणसाला अंगणातील झाडाचे मोल पाहुण्याने सांगावे, तसाच हा प्रकार झाला. पुढे मार्शल स्टर्न्स या प्राध्यापकाने हे कार्य नेटाने चालविले. हे गृहस्थ मूळचे मध्ययुगीन इंग्रजी काव्याचे अभ्यासक. १९५२ साली त्यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या घरीच जॅझच्या अभ्यासाची एक संस्था उघडली, व तबकड्या, पुस्तके आणि कात्रणे यांचा जो संग्रह केला तो १९६६ साली रट्गर्स विद्यापीठाकडे गेला. जुन्या हस्तलिखितांचे पाठभेद ज्या काटेकोरपणाने तपासतात, त्याच काटेकोरपणाने तबकडीही तपासली पाहिजे, ही दृष्टी अशा लोकांनी रुजविली.

आता अशा वर्गात शिकवितात तरी काय, ते पाहू. आरंभ बहुधा स्टीफन फॉस्टर याच्यापासून होतो. १८२६ साली जन्मलेल्या या गीतकाराची गाणी अमेरिकेत मुलांना पाळण्यापासून ऐकू येतात. परंतु यांपैकी पुष्कळशी गाणी 'मिन्स्ट्रेल' नावाच्या खेळांसाठी रचलेली होती, आणि त्या खेळांत गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून कृष्णवर्णीय गुलामांची नक्कल व टवाळी करीत, ही गोष्ट सांगितली म्हणजे वर्गात क्षणभर शांतता पसरल्यास नवल नाही. १८५१ साली फॉस्टरने 'ओल्ड फोक्स ॲट होम' हे गीत रचले, तेव्हा त्याने अशाच एका मंडळीचा चालक क्रिस्टी यास पैसे घेऊन गीतकार म्हणून स्वतःचे नाव छापण्याची परवानगी दिली. पुढे फॉस्टरला पश्चात्ताप होऊन त्याने आपले नाव परत मागितले. पण ते त्याच्या हयातीत मिळाले नाही. १८६४ साली तो न्यूयॉर्कच्या रुग्णालयात वारला, तेव्हा त्याच्या पाकिटात अवघे ३८ सेंट निघाले. एका गोऱ्या गीतकाराने आपले नाव विकले. परंतु ज्यांच्या बोलीची आणि दुःखाची नक्कल त्या गाण्यात होती, त्या गुलामांपाशी विकण्यास नावसुद्धा नव्हते. एकच गाणे, पण त्याच्या पोटी असे दुहेरी ऋण दडलेले असते.

यानंतर तबकडीचे युग येते. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने 'क्रेझी ब्लूज' हे गीत ध्वनिमुद्रित केले. ते तिच्याकडून गाऊन घ्यावे म्हणून गीतकार पेरी ब्रॅडफर्ड याने कंपनीच्या कचेरीत खेटे घातले होते. तबकडीचा खप इतका झाला की, कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही पैसे मोजते हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. मग कंपन्यांनी सूचीपत्रांचे दोन कप्पे पाडले: कृष्णवर्णीयांसाठी 'रेस' म्हणजे वंशाच्या नावाच्या तबकड्या, आणि डोंगराळ भागातील गोऱ्यांसाठी 'हिलबिली' तबकड्या. ही वाटणी कानाने केलेली नव्हती, ती दुकानाच्या फळीने केलेली होती. दक्षिणेकडील खेड्यांत गोरे आणि काळे एकमेकांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले होते. परंतु सूचीपत्र वाचणाऱ्यास वाटावे की, ही दोन निराळ्या खंडांतील संगीते आहेत.

या समजुतीला छेद देण्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९२७ सालच्या उन्हाळ्यात टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी राल्फ पियर याने ध्वनिमुद्रणाचे यंत्र मांडले, आणि तेथे कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांची पहिली गाणी मुद्रित झाली. अमेरिकेच्या ग्रामीण गोऱ्या संगीताचा पायाच तेथे घातला गेला, असे मानतात. परंतु पुढे कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून जुनी गाणी गोळा करीत हिंडे, तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक पाय गमावलेला कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घेई आणि रिडल चाल स्मरणात ठेवी. घरी परतल्यावर ती चाल रिडलच्या मुखातून कुटुंबाला मिळे. तबकडीवर मात्र त्याचे नाव आले नाही. १९६५ साली माइक सीगर या संगीतप्रेमी संशोधकाने त्याला शोधून काढले, तेव्हा जगाला त्याची ओळख पटू लागली.

दुसरे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १६ जुलै १९३० रोजी लॉस एंजलिस येथे जिमी रॉजर्सने 'ब्लू योडेल क्रमांक ९' हे गीत मुद्रित केले. त्यात गाण्याच्या मध्ये मध्ये जी तुतारी वाजते, ती वाजविणारा साक्षात लुई आर्मस्ट्राँग होता. सूचीपत्राचे दोन्ही कप्पे येथे एकाच तबकडीत बसले होते. पण तबकडीवरील कागदी चकतीवर आर्मस्ट्राँगचे नाव छापलेले नव्हते. वर्गात शिक्षक ही तबकडी वाजवून 'तुतारी कोणाची?' एवढेच विचारतो. जन्मभर हे गाणे ऐकलेल्या श्रोत्यालाही पुष्कळदा उत्तर देता येत नाही, आणि खरा धडा तेथेच सुरू होतो.

तथापि प्रत्येक गाणे म्हणजे चोरीचा मालच, असा सोपा निकाल चांगला शिक्षक देत नाही. 'हाउंड डॉग' हे गीत जग एल्विस प्रेस्लीचे म्हणून ओळखते. त्याने ते १९५६ साली गायिले. त्यापूर्वी १९५२ साली बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ते मुद्रित केले होते व १९५३ साली ते गाजलेही होते. परंतु ते तिच्यासाठी लिहिणारे लीबर आणि स्टोलर हे दोघे गोरे तरुण होते. म्हणजे ते मूळचे कोणाचे, हा प्रश्न रंगाने सुटत नाही. तो कागदपत्रे आणि कान या दोन्हींची साक्ष घेऊनच सोडवावा लागतो. व्यापाऱ्यांची नावेही काळाबरोबर बदलली. १९४९ साली 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या यादीतील 'रेस' हा शब्द काढून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हा शब्द घातला. शब्द सभ्य झाला. कप्पे मात्र तसेच राहिले.

आता प्रौढांनीच हा विषय शिकण्यात विशेष काय, हा प्रश्न उरतो. १९६२ साली न्यू स्कूलमध्ये निवृत्त शालेय शिक्षकांच्या पुढाकाराने निवृत्तांची एक अभ्याससंस्था निघाली. १९७५ साली न्यू हॅम्पशायरमध्ये वृद्धांना काही दिवस विद्यापीठात राहून शिकता येईल अशी योजना सुरू झाली. चालू शतकाच्या आरंभापासून ऑशर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने शंभराहून अधिक विद्यापीठांत ज्येष्ठांचे वर्ग उभे राहिले. तरुण विद्यार्थी या वर्गात कोरी पाटी घेऊन येतो. वृद्धाची पाटी मात्र भरलेली असते. प्रत्येक गाण्याबरोबर त्याला कोणते तरी लग्न, कोणता तरी नाच, कोणते तरी युद्ध आठवते. ही आठवण इतिहासाचे साधन आहे आणि अडथळाही आहे. साधन अशासाठी की, ते गाणे कोठे वाजत असे आणि त्या ठिकाणी कोणाला प्रवेश नसे, हे तो प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे सांगू शकतो. अडथळा अशासाठी की, ज्या गाण्यावर जीव जडला त्याच्याविरुद्ध एक अक्षर ऐकण्याची मनाची तयारी नसते. आवडते गाणे टाकून न देता त्याचे ऋण मान्य करावयाचे, हे शिकण्यासाठी वयाची प्रौढता लागते, आणि ती आणखी वाढतेही.

हा प्रश्न अमेरिकेच्या किनाऱ्याशी थांबलेला नाही. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्याच्या मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो १९४५ साली कलकत्त्यास पटकीने वारला. अशा वादकांच्या सहवासात गोव्याचे अनेक वादक तयार झाले, आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. १९५१ सालच्या 'अलबेला' या चित्रपटाला मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी जे संगीत दिले, त्यात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या गोमंतकीय तुतारीवादकाचा हात होता. त्याचे नाव निदान स्मरणात राहिले; इतर पुष्कळ वादकांची नावे श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत. ती गाणी महाराष्ट्रातील घराघरांत आजही गुणगुणली जातात.

गाण्याचा आनंद घेण्यास कोणत्याही शाळेची गरज नाही, हे खरेच. परंतु ज्याच्या विहिरीचे पाणी प्यायलो त्याचे नाव विचारणे, ही सभ्यतेची पहिली रीत होय. अमेरिकेतील ती पिकल्या केसांची मंडळी संध्याकाळी वर्गात जाऊन बसतात, ती एवढीच रीत पाळण्यासाठी.