तीन रमजान आणि एक हरवलेली कबर

शब-ए-बारातच्या रात्री कबरस्तानात पाय ठेवायला जागा नसते. रमजानच्या पंधरा दिवस आधी ही रात्र येते आणि माणसं आपापल्या मरहूम नातेवाइकांसाठी फातेहा पढायला जातात. बहुतेक कबरी कच्च्या, मातीच्या. नाव नाही, पाटी नाही. तरी प्रत्येक जण आपल्या माणसापाशी बरोबर जाऊन उभा राहतो, कारण बापानं पोराला कधीतरी सांगितलेलं असतं : कडुलिंबापासून तिसरी, ती तुझ्या आजोबांची. सांगणारा गेला आणि त्यानं कुणाला दाखवून ठेवलं नसलं, की कबर हरवते.

गरिबाघरी हे नेहमीचंच. पण शहाजहान बादशहाच्या थोरल्या मुलाच्या बाबतीतही हेच घडलं. दारा शुकोह दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यात दफन आहे, एवढं सगळे इतिहासकार मान्य करतात. नेमका कुठं, यावर साडेतीनशे वर्षांनंतरही एकमत नाही.

दाराची कहाणी शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपते : भावांचं युद्ध झालं, औरंगजेब जिंकला. पण हिजरी सनाच्या तारखा लावून पाहिल्या, की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. या माणसाच्या आयुष्यातले शेवटचे तीन रमजान एकापाठोपाठ एक त्याचं नशीब ठरवत गेले.

पहिला रमजान हिजरी १०६७ चा, म्हणजे इसवी सन १६५७ चा उन्हाळा. यमुनेकाठी निगमबोध घाटाजवळच्या आपल्या वाड्यात दारानं काशीचे पंडित आणि संन्यासी बोलावले होते. त्यांच्या मदतीनं सहा महिन्यांत पन्नास उपनिषदांचा फारसी अनुवाद झाला आणि याच महिन्यात तो पूर्ण झाला. ग्रंथाचं नाव 'सिर्र-ए-अकबर', म्हणजे सर्वांत थोर रहस्य. कुरआनच्या सूरह वाकिआमध्ये एका 'जपून ठेवलेल्या ग्रंथा'चा उल्लेख आहे. तो ग्रंथ म्हणजे उपनिषदंच, असं दारानं प्रस्तावनेत लिहून टाकलं. हा अर्थ बहुसंख्य मुफस्सिरांना, म्हणजे कुरआनच्या भाष्यकारांना, मान्य होणारा नाही आणि मलाही तो ओढूनताणून लावलेला वाटतो. पण हे लिहिणारा माणूस कुरआन बाजूला ठेवून बोलत नव्हता, कुरआनचाच धागा धरून उपनिषदांपर्यंत गेला होता, हे विसरून चालणार नाही. आपल्या आधीच्या पुस्तकात, 'सफीनत-उल-औलिया'त, तो स्वतःला हनफी आणि कादरी म्हणवतो.

अनुवाद हातावेगळा झाला आणि दोन-तीन महिन्यांतच शहाजहान आजारी पडला. पुढचं ठाऊक आहेच. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. १६५८ च्या सुरुवातीला आपल्या औरंगाबादेतून त्याची फौज उत्तरेकडे निघाली.

दुसरा रमजान, १०६८. त्या महिन्याच्या सात तारखेला, मे १६५८ च्या अखेरीस, आग्र्याजवळ सामूगढला दोन्ही भावांच्या फौजा भिडल्या. आग्र्याचं मे महिन्यातलं ऊन, अंगावर लोखंडी चिलखतं. आदल्या दिवशी दाराचं सैन्य रणात दिवसभर नुसतं उभं होतं आणि कित्येक माणसं उष्म्यानंच पडली. लढाईत ऐन मोक्याच्या वेळी दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. हौदा रिकामा दिसताच तो मारला गेला असं समजून फौज फुटली. उपनिषदांच्या अनुवादाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं.

मग वर्षभर नुसती पळापळ. लाहोर, मुलतान, सिंध, गुजरात, अजमेर. दारा जन्मला अजमेरलाच. मुलगा व्हावा म्हणून शहाजहाननं ख्वाजा मोईनुद्दीन यांच्या दर्ग्यात दुआ मागितली होती, हे दारानंच लिहून ठेवलंय. त्याच अजमेरजवळ त्याचा शेवटचा पराभव झाला.

तिसरा रमजान, १०६९. चोविसाव्या रोज्याच्या दिवशी दिल्लीच्या लाल किल्ल्यात औरंगजेबाचा थाटात राज्याभिषेक झाला. तिकडे बोलन खिंडीच्या वाटेवर दाराची पत्नी नादिरा बानू आजारानं वारली. तिला मियाँ मीर यांच्या सान्निध्यात दफन करावं, म्हणून त्यानं आपले उरलेसुरले शिपाई जनाज्याबरोबर लाहोरला पाठवले आणि स्वतः जवळपास एकटा राहिला. रमजान संपता संपता मलिक जीवन नावाच्या सरदारानं त्याला पकडून दिलं. या मलिक जीवनला शहाजहाननं हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा सुनावली होती आणि दारानं रदबदली करून त्याचा जीव वाचवला होता.

ऑगस्टअखेर दाराला मळक्या कपड्यांत, हत्तिणीवर बसवून दिल्लीत फिरवलं. फ्रेंच वैद्य बर्निए तिथं हजर होता. बाजारभर लोक रडत होते, असं त्यानं लिहिलंय. दुसऱ्या रात्री दाराला ठार केलं. दरबारी इतिहास 'आलमगीरनामा'त त्याच्यावरचे आरोप दिले आहेत. अंगठीवर हिंदू लिपीत 'प्रभू' कोरलं होतं, हा एक. नमाज आणि रोजे सोडले होते, हा दुसरा.

आणि याच 'आलमगीरनामा'त कबरीचा एकमेव ठोस पत्ता आहे. घुमटाखाली जिथं अकबराचे मुलगे मुराद आणि दानियाल आहेत, त्या तळघरात दाराला ठेवलं. मुराद वारला आपल्याच दख्खनमध्ये, दानियाल बऱ्हाणपुरात. दोघेही दारूपायी गेले. दाराचा थोरला मुलगा सुलेमान आणि धाकटा सिपिहर दोघेही ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पडले. 'ही तुझ्या बापाची' असं कुणाला दाखवायला कुणी उरलंच नाही.

मकबऱ्याच्या आवारात शंभराहून जास्त कबरी आहेत आणि बहुतेकांवर अक्षर नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारनं पुरातत्त्वज्ञांची सात जणांची समिती नेमली. त्याआधीच दिल्लीच्या महापालिकेतला एक अभियंता 'आलमगीरनामा'तलं हे वाक्य हातात घेऊन स्वतःच शोधाला लागला होता. वायव्येकडच्या एका दालनात पुरुषांच्या तीन कबरी शेजारी शेजारी आहेत. पुरुषाची कबर ओळखायची खूण म्हणजे वरच्या बाजूला कोरलेलं कलमदान. बाईच्या कबरीवर पाटी असते. त्याच्या म्हणण्यानुसार यातल्या दोन कबरींची घडण अकबरकालीन आहे, तिसरीची शहाजहानच्या काळातली. तर तिसरी दाराची. समितीतल्या बऱ्याच जणांना हे पटलं. काहींचं म्हणणं, शिलालेख नसताना निव्वळ घडणीवरून नाव कसं लावायचं? दोन्ही बाजू मला प्रामाणिक वाटतात. पण मूळ वाक्यातली 'मुराद आणि दानियाल' ही जोडी इतकी नेमकी आहे, की माझा कौल अभियंत्याकडे झुकतो.

'सिर्र-ए-अकबर' मात्र हरवला नाही. त्याची हस्तलिखित प्रत फ्रान्सला पोचली, १८०१-०२ मध्ये लॅटिनमध्ये छापली गेली आणि जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरनं उपनिषदं वाचली ती त्या लॅटिन भाषांतरातूनच.

दिल्लीला गेलात तर त्या दालनाशी थांबा. तिन्ही कबरींवर नाव नाही. फातेहा पढायची तर मुराद, दानियाल आणि तिसऱ्यासाठी एकदमच पढावी लागते.