देव नाही, लग्न नाही, तरी सहल

कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं, पापड-लोणच्याची विक्री यावर आपण दर महिन्याला बोलतो. विरंगुळ्याचा विषय मात्र बैठकीत कधी निघत नाही. आज तोच घेतलाय.

आपण बायका नाशिकला जातो कधी? दवाखाना असतो, लग्नाचा बस्ता असतो, नाहीतर रामकुंडावर कुणाची दशक्रिया. फार तर काळारामाचं दर्शन. देवाचं नाव घेतलं की घरातून लवकर होकार मिळतो, म्हणून आपली फिरायची हौस आपण देवदर्शनातच भागवून घेतो. त्यात वाईट काही नाही. पण नुसतं बघायला, चार जणींत बसायला जायचं म्हटलं की, "तिथं काय ठेवलंय?" हा प्रश्न ठरलेला. आमच्या गटांतल्या बऱ्याच जणींना तो ऐकावा लागलाय. म्हणून तिथं काय ठेवलंय तेच सांगतो.

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला सात-आठ किलोमीटरवर पांडवलेणी आहे. नाव पांडवांचं, पण ही लेणी कोरली ती बौद्ध भिक्खूंना राहण्यासाठी आणि पूजेसाठी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. आपल्याला ते वाचता येणार नाहीत, पण अभ्यासकांनी वाचून ठेवलेत, आणि त्यातला एक तर खास बचत गटवाल्यांसाठी कोरल्यासारखा आहे.

१० नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा नहपान राजाचा जावई. त्यानं भिक्खूंना लेणं दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दरानं. १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशेब करा. २,००० चं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. पावसाळ्यात लेण्यात राहणारे भिक्खू २०, प्रत्येकाला कापडासाठी १२. झाले २४०! आणि हा हिशेब दगडात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आपली वही कपाटात कुलूपबंद असते, ते जाऊ द्या.

बायकांची नावंही तिथं आहेत. उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनं भिक्खूंसाठी खोली दिली, तसा लेख आहे. १८ नंबरचं चैत्यगृह भट्टपालिका नावाच्या बाईनं पुरं केलं. आणि ३ नंबरचं मोठं लेणं गौतमी बलश्रीचं. गौतमीपुत्र सातकर्णी राजाची ही आई. लेखात तिनं आपल्या मुलाचं कौतुक केलंय, त्यात प्रजेचं सुखदुःख तो आपलंच मानायचा असंही आहे. राजा आईच्या नावानं ओळखला जातो, हे घरच्या पोरांना जरूर दाखवा.

डोंगराच्या पायथ्याशीच फाळके स्मारक आहे. बाग आहे, सावली आहे, डबे सोडायला जागा आहे. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यात तारामतीचं काम पुरुषानं केलं, कारण बाई मिळेना. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. पडद्यामागं मात्र पहिल्यापासून बाई होतीच. सरस्वतीबाई फाळके यांनी पहिल्या चित्रपटासाठी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून घेतली आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. बिनपगारी अर्थात.

आता व्यवहाराचं. सकाळी लवकर जा, पायऱ्या उन्हाच्या आत चढून व्हायला हव्यात. शौचालयाचं काम खालीच उरकून घ्या, वर सोय असेल असं धरून चालू नका. गुडघे दुखणाऱ्या खाली बागेत थांबतील, पण एकटीला बसवू नका. कारंजी चालू असतीलच असं नाही, पोरांना आधी कबूल करू नका. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, मात्र कोणतं ओळखपत्र लागतं ते आधी विचारून घ्या. शहरातल्या बसचा खर्च वेगळा धरा.

पैशाचं आमच्या गटांनी असं ठरवलंय: सहलीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं नाही. दर बैठकीला बचतीशिवाय २० रुपये वेगळे काढायचे आणि त्याचं पान वहीत स्वतंत्र ठेवायचं. वर्षाला एकीचे २४० होतात, हा निव्वळ योगायोग. जिला ऐनवेळी घरून नकार येईल तिचे पैसे बुडणार नाहीत, पुढच्या सहलीत धरले जातील. शिवाय दोघी जणी आधी तिच्या घरी जाऊन बोलतील, सासूबाईंनाच बरोबर चला म्हणतील. दोन घरी हे चाललंय. पहिली तुकडी भाताची झोडणी आटोपल्यावर निघेल. नावं पुढच्या बैठकीत सचिवाकडे द्या.