गर्भाच्या मूत्राशयाचे मोजमाप (लेखांक ७ वा)

मागील लेखांकात गर्भजलाच्या उगमाचा विचार करताना असे सांगितले होते की, गरोदरपणाचा पूर्वार्ध सरल्यावर या जलाचा मोठा हिस्सा गर्भाच्या मूत्राचा असतो, आणि गर्भ जे गिळतो तेच पुन्हा मूत्ररूपाने विसर्जित करीत असल्यामुळे ही देवघेव अखंड चालू राहते. त्याज्य द्रव्यांचा निचरा करणे हे या अवस्थेत मूत्रपिंडांचे नव्हे, वारेचे काम. म्हणून ज्या गर्भाला मूत्रपिंडेच नाहीत तोही मातेच्या उदरात महिनोन्‌महिने वाढतो, परंतु गर्भजलाअभावी फुप्फुसे अपुरी राहिल्याने जन्मताच त्याला श्वास पुरत नाही. तेव्हा मूत्रपिंडे आहेत एवढे दिसून भागत नाही. ती किती काम करतात याचा अदमास जन्मापूर्वी घ्यावयाचा, तर मूत्राशयाकडेच वळावे लागते.

सोनोग्राफीच्या पडद्यावर द्रव काळा दिसतो. गर्भाच्या ओटीपोटात जो वाटोळा काळा डाग दिसतो आणि ज्याच्या दोन्ही अंगांनी नाळेच्या दोन रोहिण्या जातात, तो मूत्राशय. लंडन येथे स्टुअर्ट कॅम्बेल, युरी व्लादिमिरॉफ आणि ड्यूहर्स्ट यांनी 1973 साली या डागाची लांबी, रुंदी व खोली मोजून, त्याला लंबगोल मानून, तिन्ही मापांच्या गुणाकारास 0.52 ने गुणून घनफळ काढण्याची पद्धत मांडली. त्यांच्या विचाराचे खरे मर्म मात्र एका घनफळात नव्हते. ठरावीक अंतराने पुनःपुन्हा माप घेतल्यास दोन मापांतील फरकावरून तासाला किती मूत्र तयार होते ते निघते. आणि हा वेग तिसाव्या आठवड्यात सरासरी 9.6 मिलिलिटर, तर चाळिसाव्यात 27.3 मिलिलिटर असल्याचे, तसेच वाढ खुंटलेल्या गर्भांत तो मंदावत असल्याचे त्यांना आढळले.

पुढे 1989 साली रॅबिनोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दर दोन ते पाच मिनिटांनी माप घेतले, तेव्हा पूर्ण दिवसांच्या गर्भाचा वेग तासाला सुमारे 51 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट निघाला. गर्भ मूत्राशय वारंवार रिकामा करतो. दोन मापांमधील अवधी लांबला की मधल्या विसर्जनाची नोंद होत नाही आणि हिशेबात तूट येते. याच कारणाने, मूत्राशय दिसला नाही म्हणून लगेच अनिष्टाची शंका न घेता, अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे.

दुसरी अडचण मापातच आहे. समजा, मूत्राशय 30, 25 आणि 20 मिलिमीटरांचा आहे, घनफळ 7.8 मिलिलिटर येते. प्रत्येक माप केवळ 2 मिलिमीटरांनी अधिक घेतले गेले, तर तेच 9.9 होते, म्हणजे हात किंचित चुकला तर उत्तर चतुर्थांशाहून अधिक फुगते. शिवाय मूत्राशय नेहमी लंबगोल नसतोच; तो भरताना शेजारच्या अवयवांच्या दाबाने वाकडातिकडा होतो. त्रिमिती सोनोग्राफीत त्याला स्वतःच्या अक्षाभोवती 15 अंशांच्या टप्प्यांनी फिरवून, बारा छेदांत कडा आखून, यंत्राकडून घनफळ काढून घेतात. आकाराविषयी काही गृहीत धरावे लागत नाही, हा या रीतीचा मोठा लाभ. पण कडा आखेपर्यंत मूत्राशय भरत असतो, म्हणून चित्र आधी टिपून ठेवणे अगत्याचे.

पहिल्या तिमाहीत मात्र इतक्या खटाटोपाची गरज नसते. दहा ते चौदा आठवड्यांच्या गर्भात मूत्राशयाची लांबी 7 मिलिमीटर किंवा अधिक भरली, तर तो प्रमाणाबाहेर मोठा समजतात. 15 मिलिमीटरपर्यंतचा फुगवटा, गुणसूत्रे निर्दोष असल्यास, बहुधा आपोआप ओसरतो. त्यापलीकडे मात्र मूत्रमार्गात अडथळा असल्याचा संशय बळावतो. या अडथळ्याचे सर्वांत परिचित कारण, मूत्रमार्गाच्या मागील भागातील पडदे, केवळ पुरुषगर्भात आढळते; म्हणून ते नावानिशी लिहिले की गर्भाचे लिंगच उघड होते. महाराष्ट्राने 1988 साली देशात सर्वप्रथम आणि केंद्राने 1994 साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तो मुलींच्या जिवासाठी. त्याचा मान राखून अहवालात ‘मूत्रमार्गाच्या खालच्या भागात अडथळा’ एवढेच लिहावे, असे माझे निश्चित मत आहे, कारण उपचाराची दिशा ठरविण्यास तेवढे पुरते. त्या उपचाराविषयी, विशेषतः मूत्राशयातून गर्भजलात नळी बसविण्याच्या प्रयत्नांविषयी, पुढील लेखांकी.