शिशाच्या पत्र्यापलीकडची मोजदाद

1945 च्या डिसेंबरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बंगळूरहून येऊन पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आपले बिऱ्हाड थाटले, तेव्हा तिचे संस्थापक होमी भाभा यांच्या नावे एक सिद्धांत आधीच जमा होता. एल्फिन्स्टन कॉलेजातून केंब्रिजला गेलेल्या या मुंबईकराने 1937 साली वाल्टर हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांतील कणवर्षावांची मीमांसा केली. प्रबळ ऊर्जेचा फोटॉन जड धातूत शिरला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ही जोडी नवे फोटॉन उत्सर्जित करते, त्यांपासून पुन्हा जोड्या निपजतात, आणि एकाचे अनेक होत होत हा प्रपंच ऊर्जा सरेपर्यंत वाढत राहतो. कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला होता. ज्या यंत्राचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे, ते सर्वस्वी याच वर्षावावर विसंबून आहे.

सोन्याची किंवा शिशाची अणुकेंद्रे प्रकाशाच्या वेगाच्या निकट पोचवून परस्परांवर आदळली, म्हणजे क्षणमात्र क्वार्क आणि ग्लुऑन यांचे बंधमुक्त द्रव्य निर्माण होते. त्यातून निघणारे इतर कण वाटेत पुनःपुन्हा अडतात, बदलतात. फोटॉनाला मात्र प्रबल बलाची बाधा नसल्यामुळे तो जसा जन्मला तसाच बाहेर पडतो. अशाच थेट फोटॉनांच्या अभ्यासावरून अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 2010 साली या द्रव्याचे तापमान सुमारे चार लक्ष कोटी अंश सेल्सिअस ठरविले. परंतु असे फोटॉन थोडे. बहुसंख्य फोटॉन उदासीन पायॉनाच्या विघटनातून येतात, आणि म्हणूनच त्यांची शिरगणती म्हणजे पर्यायाने त्या पायॉनांचीच शिरगणती होय.

ती करण्यासाठी भारतीयांनी घडविलेले यंत्र म्हणजे फोटॉन-बहुलता शोधक. जिनीव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतील ‘ॲलिस’ प्रयोगात बसविलेल्या या यंत्राची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. सुमारे दीड सेंटिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा मधोमध, आणि त्याच्या दोन्ही अंगांस मधमाशीच्या पोळ्यासारखी तांब्याची षट्कोनी घरे. एकेका घराची खोली अर्धा सेंटिमीटर, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या पाव हिश्शाहूनही किंचित कमी. मध्यभागी सोन्याचा मुलामा दिलेली, केसाहून बारीक अशी टंगस्टनची तार ताणून बसविलेली, आणि भोवती सत्तर भाग आर्गॉन व तीस भाग कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण. फोटॉन पुढील घरांतून खूण न ठेवता जातो, शिशात फुटतो आणि मागील अनेक घरे एकदम जागी करतो. विद्युत्‌भारित हॅड्रॉन पुढच्या घरातही नोंद करतो आणि मागे बहुधा एकाच घरापुरता उरतो. या दोन दप्तरांचा ताळा घेऊन फोटॉन कोणता, हे ठरविले जाते. काही हॅड्रॉन शिशातच आदळून फोटॉनाचे सोंग घेतात, ही अडचण आहेच. त्यांचा वाटा गणिताने वजा करावा लागतो. शिवाय हे यंत्र फोटॉनाची ऊर्जा मोजीत नाही, केवळ संख्या आणि स्थान टिपते. ही त्रुटी मानणारे मानोत. माझ्या मते कणांच्या दाट गर्दीत एवढ्या अल्प साधनसामग्रीने विश्वासार्ह गणना करणे हाच या रचनेचा खरा पराक्रम आहे.

त्याची परंपरा सर्नमधील डब्ल्यूए-93 आणि डब्ल्यूए-98 या प्रयोगांपासूनची. तेथे वायूऐवजी प्लास्टिकच्या प्रस्फुरक चकत्या होत्या, आणि डब्ल्यूए-98 मध्ये त्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली होती. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरातील योगेंद्र वियोगी यांच्या पुढाकाराने भुवनेश्वर, चंडीगड, जयपूर, जम्मू येथील मंडळी एकत्र आली, आणि पुढे आपल्या पवईच्या आयआयटीतील गटही त्यांत सामील झाला. ‘ॲलिस’मधील संकेत वाचणारी ‘मानस’ नावाची चिपदेखील कोलकात्यातच आखली गेली आणि चंडीगडजवळ घडविली गेली. परदेशी प्रयोगांत आपले अस्तित्व केवळ मनुष्यबळापुरते नव्हते, याचा हा रोकडा दाखला.

डब्ल्यूए-98 मध्ये भारित कण आणि फोटॉन यांच्या प्रमाणात असाधारण तफावत दाखविणाऱ्या घटनांचा कसून शोध झाला. तशा घटना हाती लागल्या नाहीत, पण त्या किती विरळ असल्या पाहिजेत याची मर्यादा बांधता आली. अमेरिकेतील ‘स्टार’ प्रयोगाने 2005 साली 62.4 जीईव्ही ऊर्जेच्या सुवर्ण-टकरींचा निकाल प्रसिद्ध केला. टक्कर समोरासमोरची असो वा निसटती, तीत भाग घेणाऱ्या न्यूक्लिऑनांच्या संख्येच्या प्रमाणातच फोटॉन निघतात, असे तेथे बसविलेल्या अशाच शोधकाच्या षट्कोनी घरांच्या नोंदींवरून सिद्ध झाले.